‘तो नाही म्हणते’

"तो नाही म्हणते."

फोनवर एवढंच बोलून धकाते काका गप्प बसायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुढचं सगळं मी ओळखायचं.

"कोण नाही म्हणतो, काका?"

"भंडाऱ्याचा."

"स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं?"

"आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मी बंद केलं ते."

"अहो, बंद कशाला केलंत? वाचून तरी दाखवायचं."

"त्यात काय वाचा लागते वं पोरी? मतलब समजला ना मले. घरात घेत नाही म्हणते."

त्या उन्हाळ्यात असे इतके फोन झाले, की मोबाइलवर काकांचं नाव दिसलं की माझं डोकं दुखायला सुरुवात व्हायची. आजही कुणी फोनवर बोलता बोलता मध्येच थांबलं, तर मला वाटतं, आता हा म्हणणार, ‘तो नाही म्हणते’.

आमची विणकरांची संस्था. मुख्य कार्यालय भंडारा शहरात, तिथे मी कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे सगळंच: प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सर्व्हरपर्यंत. टसरच्या साड्यांच्या किनारी, पदर, बुट्ट्या, जुन्या साड्यांवरून उतरवून घेतलेले नमुने, हे सगळं भंडाऱ्याच्या सर्व्हरवर आहे. शहापूरला, हायवेपासून थोडं आत, संस्थेचं कार्ड सेंटर. तिथे दुसरा सर्व्हर, जरा लहान. त्याने भंडाऱ्याच्या सर्व्हरवरून नमुना घ्यायचा आणि तिथल्या मशीनने त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. ती कार्डं बाया दोऱ्याने ओवून त्यांची माळ करतात. ही माळ मागाच्या वर चढते आणि कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, ते मागाला सांगते. थोडक्यात, शहापूरच्या सर्व्हरला भंडाऱ्याच्या सर्व्हरने दारात उभं केलं नाही, की कार्ड नाही, आणि कार्ड नाही की घरोघरचे माग गप्प.

आणि भंडाऱ्याचा सर्व्हर त्याला दारात उभं करत नव्हता.

शहापूर सेंटरचे व्यवस्थापक मधुकरराव धकाते. उंच, काटकुळे, मे महिन्याच्या भंडाऱ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. चष्मा गळ्यात अडकवायला त्यांनी स्वतः पीळ देऊन केलेली टसरची दोरी होती. घराणं विणकरांचं. बापाचा माग भावाकडे गेला आणि काका तरुणपणीच संस्थेत चिकटले. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण दरवर्षी त्यांना मुदतवाढ मिळायची, कारण शहापूरला जायला दुसरं कुणी तयार नसायचं.

काकांना कुठलीही गोष्ट मधून सांगता येत नसे. सर्व्हर का अडला विचारलं, तर सुरुवात व्हायची सकाळी लाईट किती वाजता आली तिथपासून. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मशीन कधी सुरू केलं, मग हायवेवरून जड ट्रक गेला तेव्हा खिडकीची काच कशी थरथरली. शेवटी निष्कर्ष. काकांकडे प्रत्येक बिघाडाचा निष्कर्ष तयार असायचा आणि तो कधीच माझ्या उपयोगाचा नसायचा.

"ट्रक गेला की तार हालते. तार हालली की तो नाही म्हणते."

"काका, तार जमिनीखालून आहे."

"जमीन नाही हालत का मंग?"



पहिल्यांदा मी सेंटरवर गेले तेव्हा सर्व्हर दिसेचना. कोपऱ्यात एका टेबलावर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, वर छान जाड टसरचा तुकडा, चारी बाजूंनी खोचलेला. मला वाटलं शिलाई मशीन असेल. कापड उचललं तर आत सर्व्हर, तापून नुसता लाल व्हायचा बाकी. मी ओरडलेच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हायवेची धूळ किती येते, पाह्यलं का तू? उघडंच ठेवू का त्याले?"

"त्याला हवा लागते, काका. झाकायचं नाही, अजिबात."

पुढच्या खेपेला पाहिलं तर जाड कापड गेलेलं आणि त्या जागी पातळ, जाळीदार कापड आलेलं. काकांच्या हिशेबाने ही तडजोड होती. त्यांच्या मते मी एक पाऊल मागे यायला हवं होतं, कारण ते एक पाऊल मागे आले होते. मी ते कापड काढून माझ्या बॅगेत टाकलं आणि भंडाऱ्याला घेऊन आले. अजून माझ्याकडे आहे. मी त्याने लॅपटॉप पुसते.

माणूस हट्टी होता. पण सेंटर उभं राहिलं ते त्या हट्टामुळेच, हेही खरं. आधी कार्ड ओवायचं काम भंडाऱ्यालाच चालायचं. आतल्या गावांतल्या बायांना शहापूरपर्यंत एक वाहन, तिथून भंडाऱ्यापर्यंत दुसरं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार. घरचे लोक कुरकुरायचे, आणि चांगल्या हाताच्या बाया एकेक करून काम सोडायच्या. काकांनी संचालकांच्या मागे लागून लागून त्यांना वैताग आणला आणि शहापूरला एक बंद पडलेलं गोडाऊन मिळवलं. चुना त्यांनी स्वतः मारला, असं तिथल्या बाया सांगतात. त्यातली रंजना नावाची बाई एकदा मला म्हणाली, "मॅडम, हे सेंटर नसतं त मी घरी भांडी घासत बसली असती. सासू म्हणे, भंडाऱ्याले नाही जाचं. शहापूरले जा म्हणे, जवळ हाय." तिच्या बोटांत सुई चाललेली होती आणि बोलताना तिने मान वर केली नव्हती.

तर अशा सेंटरचा सर्व्हर रुसलेला. मधल्या काळात संस्थेने दोन्ही ठिकाणी इंटरनेटची लाईन बदलली होती आणि हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. तेही सर्व्हरलाच जोडलेलं. त्यानंतर हे सगळं सुरू झालं, त्यामुळे सगळ्यांचा संशय लाईनवर. लाईनवाल्यांना बोलावलं. त्यांनी एक डबा बदलला, मग दुसरा बदलला आणि शेवटी, आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमच्याकडे बघा, असं सांगून मोकळे झाले. मी माझ्याकडे बघितलं. परवानग्या तपासल्या, काढल्या, पुन्हा दिल्या. शहापूरसाठी नवं खातं काढलं. मधल्या सुरक्षेच्या भिंतीत एकेक खिडकी उघडून बघितली. भंडाऱ्यातून शहापूरच्या सर्व्हरला हाक मारली, की तो ओ द्यायचा. शहापूरहून भंडाऱ्याला हाक मारली, तरी ओ यायची. रस्ता साफ होता. फक्त फोल्डर उघडायला गेलं, की प्रवेश नाकारला.

यापेक्षा जास्त संताप कशाचा येत असेल, तर तो याचा, की मी बघायला लागले की सगळं सुरळीत व्हायचं. काकांचा फोन आला की मी म्हणायची, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. ते करायचे आणि सगळं चालायला लागायचं. मी भंडाऱ्यात बसून तपासायची, तेव्हा बिघाडाचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, तो नाही म्हणते. कधी दिवसभर चालायचं, कधी अर्ध्या दिवसात अडायचं. पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते. ही तशी बंदही पडत नव्हती.

फोन करून काही होत नाही असं दिसलं, की काका स्वतः यायचे. शहापूरहून बसने भंडाऱ्याला, रुमालाच्या गाठीत पेन ड्राइव्ह बांधून. माझ्या टेबलासमोर स्टूल ओढायचे, गाठ सोडायचे आणि नमुना कॉपी होईपर्यंत बसून राहायचे. बसायचे म्हणजे बोलायचे. रस्त्यात कोण भेटलं, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं. मी त्या वेळी दातओठ खात त्यांच्याच सर्व्हरची दुखणी शोधत असायची.

"पोरी, तू जेवली का?"

"काका, मला काम करू द्या."

"काम होत राहते वं. चेहरा पाह्य तुहा."

संस्थेच्या सचिवांनी हे दोन-चारदा पाहिलं. एकदा माझ्या टेबलापाशी थांबून हसत म्हणाले, "रोज इकडे यावंच लागतं, तर सेंटर तिकडे कशाला ठेवलंय?" काका हसले नाहीत. मीही नाही. पुढच्या बैठकीत हाच विषय कागदावर आला: शहापूर सेंटर वारंवार बंद राहत असल्याने ते भंडाऱ्याला हलवण्याबाबत. माझ्याकडून लेखी अहवाल मागितला गेला. बिघाडाचं कारण काय, आणि ते कायमचं दूर होणार की नाही. सचिवांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, ‘आता चालू झालं’ असं लिहू नका. कारण लिहा. कारण नसेल तर सेंटर इथे."

त्या दिवशी काका पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना सांगितलं. त्यांनी रुमालाची गाठ एकदा सोडली, पुन्हा बांधली.

"बाया नाही येनार भंडाऱ्याले," ते म्हणाले. "एकही नाही येनार."

मग आला काकांच्या भाचीचा लग्नसोहळा. आंबागडला. काका दोन दिवस रजेवर गेले, सेंटरची किल्ली रंजनाकडे. त्या दोन दिवसांत शहापूरहून एकही फोन आला नाही. मी अधूनमधून बघत होते. फोल्डर उघडत होता, कार्डं पडत होती, सगळं लोण्यासारखं. काका परतले आणि दुसऱ्या सकाळी, तो नाही म्हणते.

मग काय, भंडाऱ्याच्या कार्यालयात चर्चेला ऊत आला. काका नसले की चालते, काका आले की अडते. कुणी म्हणालं, म्हातारा मुद्दाम करत असेल, भंडाऱ्याला यायला निमित्त. कुणी म्हणालं, मुदतवाढ मिळावी म्हणून, आपल्याशिवाय चालत नाही असं दाखवायला. मला ते पटत नव्हतं. पण ते खोडून काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. आपलं सेंटर जाईल अशी वेळ आलेली असताना कुठला शहाणा माणूस स्वतःच्या हाताने खोडी करेल?

शेवटी न सांगता, सेंटर उघडायच्या आधीच शहापूरला जाऊन बसायचं मी ठरवलं. मी कारध्याला राहते. सकाळी पूल ओलांडून, भंडारा मागे टाकून स्कूटीने हायवेला लागले. सेंटरपाशी पोचले तेव्हा बाया दाराशी उभ्याच होत्या. सकाळची बस त्यांना लवकर आणून सोडते. काका आले, मला बघून थबकले. कुलूप उघडलं, देवाच्या फोटोला उदबत्ती लावली. मग चष्मा डोळ्यांवर चढवून थेट सर्व्हरपाशी गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस नेला आणि अगदी सरावलेल्या हाताने वेळ पुढे केली. दहा मिनिटं. मग दाराकडे वळून म्हणाले, "चला, लावा आंगठे."

बाया ओळीने येऊन अंगठे लावू लागल्या.

मी तिथेच उभी. मला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं. दोन सर्व्हर एकमेकांना ओळख पटवून देतात, तेव्हा त्या ओळखीवर वेळ लिहिलेली असते. दोघांच्या घड्याळांत थोडाफार फरक चालतो. फार पडला, की समोरचा त्याला तोतया समजून दाराबाहेर ठेवतो. शहापूरचा सर्व्हर रोज सकाळी दहा मिनिटं पुढचा होऊन भंडाऱ्याच्या दारात जात होता. बंद करून चालू केला, की तो आपोआप भंडाऱ्याशी घड्याळ जुळवून घ्यायचा आणि सगळं सुरळीत. म्हणून मला बिघाड कधी दिसतच नव्हता.

"काका, हे काय केलंत?"

"घड्याळ मागं पडते. रोज पुढं करा लागते, बंद-चालू केलं की पुन्हा."

"ते मागे पडत नाही. ते बरोबर होतं."

काकांनी मागे वळून पाहिलं. बाया कामाला लागल्या होत्या.

"बरोबर होतं ते मले बी मालूम हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

मग पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट मधून सांगितली. लाईट नाही, ट्रक नाही, वेल्डिंग नाही. आतल्या गावांकडे जाणारी शेवटची बस सहाला हायवेच्या थांब्यावरून जाते. सेंटरची सुट्टी सहाला. सहाला इथून निघालेल्या बाईला ती बस मिळत नाही.

"मी अर्ज देल्ले होते. सकाळी दहा मिनिटं आधी चालू करू द्या, संध्याकाळी दहा मिनिटं आधी सोडू द्या म्हून. सकाळी त त्या उभ्याच राह्यतात ना दाराशी. त साहेब म्हणे, संस्थेची वेळ एक हाय, भंडाऱ्याची तेच शहापूरची. ठीक हाय म्हटलं. मी वेळ नाही बदलली. घड्याळ बदललं. आधी भिंतीवरचंच होतं, कोनाले काही तरास नव्हता. मंग हे आंगठ्याचं आलं. ते याच्याकडून वेळ घेते." त्यांनी सर्व्हरकडे बोट दाखवलं. "म्हून याचं बी करा लागलं. पर कोनाचा एक मिनिट नाही खाल्ला मी. जेवढं लवकर सोडतो, तेवढं लवकर बसवतो."

मी त्यांना तोतयाचं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत गेले तसे कार्डांच्या गठ्ठ्यावर खाली बसले.

"म्हंजे तो माह्यामुळं नाही म्हणत होता."

"हो."

"अन् मी तुह्या नावानं शंख करत होतो इथं. हे पोरगी शिकलेली हाय, पर हिले काही जमत नाही म्हून."

"काका, पहिल्याच दिवशी मला सांगितलं असतं तर?"

"तू इचारलं कवा? तू त इंग्रजीत काय लिहून आलं, तेच इचारे."

माझा राग कुठे काढावा ते मला कळेना. म्हटलं, एक उपाय आहे. अंगठ्याचं मशीन सर्व्हरपासून तोडते, त्याचं घड्याळ वेगळं ठेवू. सर्व्हरची वेळ बरोबर राहील आणि अंगठ्याची तुमची. कुणाला कळणार नाही. अहवालात मी घड्याळाची बॅटरी गेली होती असं लिहीन.

काकांनी मान हलवली.

"तू नको पडू यात. उद्या कोनी पाह्यलं, त तुही बी नोकरी जाईन. माही आता कितीक राह्यली?"

"मग मी लिहू काय? लाईन खराब लिहिलं तर सेंटर जाईल. खरं लिहिलं तर हजेरीत फेरफार म्हणतील. तुमच्यावर येईल सगळं."

"खरंच लिही," ते म्हणाले. "धकात्यानं घड्याळ पुढं केलं, म्हून लिही. मशीन बरोबर हाय, लाईन बरोबर हाय, असं बी लिही. सेंटर राहू दे म्हणजे झालं."

मग ते उठले आणि घड्याळ स्वतःच्या हाताने दहा मिनिटं मागे आणून ठेवलं. मी फोल्डर उघडून बघितला. उघडला. एरवी मी आनंदाने टाळी वाजवली असती.

बैठकीत मी अहवाल वाचायला उभी राहिले, तर काकांनी मला मध्येच थांबवलं. "वाचाची गरज नाही. मीच केलं ते." आणि काय केलं ते सांगितलं. का केलं, ते मात्र फार थोडक्यात. सचिव म्हणाले, हा सरळसरळ हजेरीत फेरफार आहे. एक संचालक म्हणाले, बसची अडचण होती तर सांगायचं होतं, आम्ही काय परके आहोत? मी काकांकडे बघितलं. आता तरी हा माणूस अर्जांचं बोलेल. काका समोरचा ग्लास उचलून सावकाश पाणी प्यायले. शेवटी मीच उठून म्हटलं, त्यांनी अर्ज दिले होते. सचिव म्हणाले, "तो वेगळा विषय आहे, मॅडम. आपण सर्व्हरबद्दल बोलतोय."

सेंटर राहिलं. लाईन ठीक, मशीन ठीक, तेव्हा हलवायला कारणच उरलं नाही. काकांची मुदतवाढ मात्र संपली. आणि वेळ? वेळ संस्थेची एकच, ती काही बदलली नाही.

तेव्हापासून शहापूरच्या सर्व्हरने एकदाही तोंड वाकडं केलेलं नाही. नवीन व्यवस्थापक सगळे संदेश नीट वाचतो, पण वाचायला संदेशच येत नाहीत. माझ्या कामाची संस्थेत तारीफ झाली. तारीफ करणाऱ्यांवरच मला ओरडावंसं वाटायचं. दहा मिनिटं द्यायला यांना काय झालं होतं? एका ओळीचा ठराव. तेवढा केला असता, तर उन्हाळाभर माझं डोकं फिरलं नसतं आणि एका माणसाला स्वतःच्या सेंटरमधून असं निघावं लागलं नसतं. बायांचं काय होत असेल, त्या संध्याकाळी कशा जात असतील, हे विचारायला मी शहापूरला फोन केला नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

दिवाळीनंतर वार्षिक तपासणीला मला तिकडे जावंच लागलं. सगळ्या बाया होत्या. रंजना होती. एकही कमी झालेली नव्हती. मला नवल वाटलं. सहाला सुट्टी झाली, अंगठे लागले, आणि बाया डबे काखेत मारून अक्षरशः पळत सुटल्या. मीही स्कूटी काढून त्यांच्या मागोमाग हायवेकडे निघाले.

थांब्यावर बस उभी होती, इंजिन चालू. आतल्या गावांकडे जाणारी. दारात धकाते काका. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर, हाताने दांडा घट्ट धरलेला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. त्यांचं घर शहापूरलाच, मागच्या गल्लीत, हे मला माहीत होतं. त्यामुळे म्हटलं, या वेळी कुठे निघाले? ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काका हलले नाहीत.

"काका, चढता का उतरता?" आतून कंडक्टर म्हणाला.

"चढून राहिलो ना बाप्पा. गुडघा दुखते."

बाया सर्व्हिस रोड ओलांडून धापा टाकत आल्या. काका अंग चोरून बाजूला झाले, पण पाय पायरीवरच. एकेक बाई त्यांच्या खांद्याला धरून वर चढली. जणू रोजचंच आहे. शेवटी रंजना चढली. काकांनी आत डोकावून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मग पाय खाली घेतला.

बस हलली. कंडक्टरने दारातून वाकून मागे पाहिलं.

"आज बी नाही का येत, काका?"

"आज नाही जमत गा," काका म्हणाले. "उद्या पाहू."